दहा दिवसांचा वर्ग, बारा महिन्यांची पेटी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत मधमाशीपालन शिकायचं असेल, तर सगळ्यात आधी महिना ठरवावा. कोणती संस्था, किती फी, कसली पेटी हे प्रश्न त्यानंतरचे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या दिवसांत माशीला बाहेर पडायला उघडीप मिळत नाही. मिळालीच, तर फुलातला मकरंद पावसाने धुऊन गेलेला असतो. आंब्याच्या मोहरात हौसेने ठेवलेली पेटी गणपतीपर्यंत रिकामी होते, त्याचं कारण बहुतेक वेळा या चार महिन्यांत सापडतं. मध काढायला आठवड्याभरात शिकता येतं. वसाहत पावसाळ्यातून जिवंत बाहेर काढायला शिकणं हा या भागातला खरा अभ्यास आहे, आणि प्रशिक्षण निवडतानाही हाच निकष लावावा असं माझं ठाम मत आहे.

वर्गात जाण्याआधी आपल्या आसपास कोणत्या माश्या राहतात ते नीट पाहून ठेवावं. माथेरानच्या आणि भीमाशंकरच्या बाजूच्या कड्यांना, सावरीच्या उंच फांद्यांना, पाण्याच्या टाक्यांना आणि इमारतींच्या छज्ज्यांना लोंबणारी मोठी, उघडी पोळी आग्या माशीची. ती एकच पोळं बांधते, तेही उजेडात, आणि कोणत्याही पेटीत राहत नाही. झुडपाच्या बारीक फांदीवर तळहाताएवढं पोळं बांधणारी फुलोरीही पेटीत टिकत नाही. भिंतीच्या फटीतून मेण-डिंकाची छोटी नळी बाहेर काढून राहणारी, डंख नसलेली इवली माशी आणखी वेगळी. तिचा मध थोडा आणि तिची पेटीही निराळी. आपल्या कामाची माशी सातेरी. झाडाची ढोली, ओस पडलेलं वारूळ, जुन्या घराच्या जाड भिंतीतली पोकळी अशा अंधाऱ्या जागी ती एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी बांधते. हाच स्वभाव तिला पेटीत राहू देतो.

पाचवी माशी बाहेरून आलेली, मेलिफेरा. ती युरोपातली. १९६० च्या दशकात उत्तर भारतात ती रुजली आणि आज पंजाब-हरियाणातले मधपाळ तिच्या पेट्या ट्रकवर लादून मोहरीपासून लिचीपर्यंत फुलोऱ्यामागे फिरतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पुस्तकांतले आणि चित्रफितींतले आकडे तिचेच असतात. एका पेटीतून पंचवीस-तीस किलो मध असं कुणी सांगितलं, की समजावं, हा हिशेब मेलिफेराचा आणि फिरत्या पेट्यांचा आहे. सातेरीच्या पेटीतून वर्षाला पाच ते दहा किलो मध मिळाला तर ते चांगलं उत्पन्न. पण कोकणातला पाऊस, इथलं तुकड्या-तुकड्यांचं जंगल, खाचरं आणि परसबाग हे सातेरीचं माहेर आहे. म्हणून प्रशिक्षणाच्या चौकशीला गेल्यावर पहिला प्रश्न विचारावा: प्रात्यक्षिक कोणत्या माशीवर घेता? दोघींचा स्वभाव इतका वेगळा की एकीवर शिकलेला हात दुसरीवर अडखळतो. चौकट उचलली तरी मेलिफेरा पोळ्यावर शांत बसून राहते. सातेरी जरा धक्का लागला तरी पोळ्यावरून धावत सुटते, चौकटीच्या खालच्या कडेला झुंबड करते आणि मग राणी शोधणं कठीण होतं.

शिकायच्या जागा इथून फार लांब नाहीत. कर्जतला गाडीत बसून घाट चढला आणि शिवाजीनगरला उतरलं, की गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ती १९६२ साली सुरू केली. हौशी माणसासाठी काही दिवसांच्या वर्गापासून धंदा करू पाहणाऱ्यांसाठीच्या लांब अभ्यासक्रमापर्यंत तिथे शिकायची सोय आहे. दुसरं ठिकाण महाबळेश्वर. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मधसंचालनालय तिथे आहे आणि सातेरी पाळण्याचा महाराष्ट्रातला सगळ्यात जुना, सलग अनुभव त्याच डोंगरावरचा. शेजारच्या मांघर या छोट्या गावाला २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आणलं गेलं. तिथे घरोघरी पेट्या दिसतात, आणि शिकणाऱ्याला वर्गापेक्षा असं गाव दोन दिवस पायी फिरून जास्त कळतं.

मंडळाची मधकेंद्र योजना २०१९ पासून राज्यभर आहे. तिच्यात वैयक्तिक मधपाळाला दहा दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. तो साक्षर आणि अठरा वर्षांवरचा असला की पुरे. केंद्रचालक व्हायचं असेल तर दहावी पास, एकवीस वर्षांवरचं वय, घरच्या कुणाच्या नावाची किंवा भाड्याने घेतलेली किमान एक एकर शेतजमीन आणि इतरांना शिकवायची तयारी लागते. त्याचं प्रशिक्षण वीस दिवसांचं. साहित्याच्या किमतीत निम्मं अनुदान आणि निम्मी स्वतःची गुंतवणूक, शिवाय मध हमीभावाने विकत घेण्याची तरतूद, असा योजनेचा आराखडा आहे. रायगडकरांनी त्यासाठी अलिबागच्या जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात चौकशी करावी. वर्ग वर्षभर सारखे चालत नाहीत. अर्ज आधी देऊन ठेवावा लागतो, म्हणून पावसाळ्यातच देऊन ठेवावा, म्हणजे दिवाळीच्या आसपासचा वर्ग मिळण्याची शक्यता राहते. अंडर द मँगो ट्री ही संस्थाही छोट्या आणि आदिवासी शेतकऱ्यांना सातेरीचं पालन शिकवते. तिचा भर मधापेक्षा शेतातल्या परागीभवनावर आहे. हा दृष्टिकोन आपल्या तालुक्यांना फार लागू पडतो. त्याकडे पुढे येतोच.

वर्गाची सुरुवात बहुधा पेटीपासून होते, आणि ती तशीच व्हावी. लाकडी खोकं दिसायला साधं, पण त्यातलं शहाणपण एका अंतरात आहे. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ या पाद्र्याच्या १८५१ साली लक्षात आलं, की दोन पोळ्यांमध्ये आणि पोळं व भिंत यांच्यात माशीच्या ये-जा करण्यापुरतीच फट ठेवली, तर माश्या ती बुजवत नाहीत. फट मोठी झाली की त्या मध्ये वेडंवाकडं पोळं बांधतात आणि सगळ्या चौकटी एकमेकींना जोडून टाकतात. मग एक उचलायला जावं तर तीन फाटतात. फट अचूक ठेवली तर प्रत्येक चौकट सुटी निघते, पाहता येते, परत ठेवता येते. सातेरी लहान, म्हणून तिची फटही लहान, साधारण सात ते नऊ मिलिमीटर. मेलिफेराच्या मापाची मोठी पेटी तिला गैरसोयीची ठरते. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला फादर न्यूटन यांनी १९११ च्या सुमारास आपल्या माशीच्या मापाची छोटी पेटी तयार केली आणि ती वापरायला लोकांना शिकवलं. आज वर्गात दिसणारी सातेरीची पेटी त्याच वळणाची आहे. खाली तळपाट, त्यावर पिल्लांची कोठी, तिच्यावर निम्म्या उंचीच्या चौकटींची मधाची कोठी, मग आतलं झाकण आणि वरचं छप्पर. प्रशिक्षणात ही पेटी सुटी करून पुन्हा जोडायला लावतात. तो भाग टाळू नये. स्थानिक सुताराकडून स्वस्तात पेटी करून घ्यायची इच्छा सगळ्यांनाच होते, पण मापात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की पेटी निकामी होते. शिवाय दुसऱ्या मधपाळाच्या चौकटी तिच्यात बसत नाहीत.

मग येतो तो दिवस, ज्यासाठी माणूस गेलेला असतो. पेटी उघडणं. ऊन पडलेलं असावं, वारा नसावा, सकाळी दहानंतरची वेळ असावी. अंगाला अत्तर किंवा सुवासिक तेल नको, कपडे फिकट रंगाचे. पिकलेलं केळं खाऊन पेटीजवळ जाऊ नये असं शिक्षक सांगतात, ते खरं आहे. माशी डंख मारताना धोक्याचा जो वास सोडते, त्यातला मुख्य घटक पिकल्या केळ्याच्या वासाचा असतो. धुराड्यात सुकं गोणपाट किंवा नारळाचं सोडण पेटवून गार, पांढरा धूर करायचा आणि दारातून दोन-तीन झोत द्यायचे. धुराने धोक्याचा वास झाकला जातो आणि माश्या मध पोटात भरून घेऊ लागतात. पोट भरलेली माशी कमी चिडते. धूर गरम असला किंवा जास्त झाला तर मात्र सातेरी सैरभैर होते.

पेटीच्या मागे किंवा बाजूला उभं राहायचं, दारासमोर कधीच नाही. कडेची चौकट आधी काढायची, म्हणजे आतल्या चौकटी सरकवायला जागा होते. चौकट सरळ वर उचलायची आणि पेटीच्याच वर धरायची. राणी पडलीच तर पेटीत पडेल. दुसरी बाजू पाहताना चौकट आडवी करायची नाही. नवं, मधाने जड झालेलं पोळं उन्हात मऊ असतं आणि आडवं धरताच सुटून खाली येतं. उभी धरून, कडेवर फिरवून उलटी करायची एक पद्धत आहे. शिक्षक ती रिकाम्या चौकटीवर अनेकदा करून घेतो. कंटाळवाणं वाटलं तरी करावं, कारण पुढे बुरख्याच्या आत घाम येत असताना आणि कानाशी गुणगुण चालू असताना हातच कामाला येतात.

चौकट हातात आली की ती वाचायची. सगळ्या प्रशिक्षणात सर्वांत मोलाचं कौशल्य हे, आणि सर्वांत कमी वेळ यालाच मिळतो. वरच्या कमानीत मध, त्याखाली परागाचा रंगीत पट्टा, मध्ये पिल्लं, हा निरोगी पोळ्याचा नेहमीचा मांड. पिल्लांच्या घरांत तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं अंडं शोधायचं. पहिल्या दिवशी ते उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. म्हणजे उभं अंडं दिसलं की राणी कालपरवापर्यंत इथे होती हे नक्की, मग ती प्रत्यक्ष सापडली नाही तरी चालेल. नवशिके राणी पाहण्याच्या हट्टाने पेटी अर्धा-अर्धा तास उघडी ठेवतात. अंडी पाहावीत आणि पेटी मिटावी. एकेका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली, तर राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात, आणि सातेरीत ही वेळ लवकर येते.

बंद घरंही बोलतात. कामकरी माशी अंड्यापासून वीसेक दिवसांत बाहेर येते, राणी पंधरा-सोळा दिवसांत, नर चोवीसेक दिवसांत. कामकरीच्या घराचं झाकण सपाट, नराचं फुगीर, आणि सातेरीत त्या फुगीर झाकणाच्या मध्यावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. ते छिद्र रोग नाही. मेलिफेराच्या पुस्तकावर शिकलेल्या माणसाला मात्र ते पाहून घाम फुटतो. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या आकाराची घरं लोंबू लागली, तर वसाहत दुभंगायच्या तयारीत आहे. तसं एखादंच घर पोळ्याच्या मध्यावर असेल, तर जुनी राणी बदलायचं चाललं आहे. आज पाहिलेल्या चौकटीवरून पुढच्या तीन आठवड्यांत पेटीत काय घडणार, हे तारखेनिशी सांगता येतं. मला या विद्येत सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच, आणि ते हाताने चौकट धरल्याशिवाय येत नाही.

डंख बसणारच. तो झटकन नखाने खरवडून काढावा आणि त्या जागी थोडा धूर द्यावा, म्हणजे त्या वासावर दुसऱ्या माश्या तिथेच येत नाहीत. सूज आणि खाज दोन दिवस राहणं नेहमीचं आहे. पण अंगभर गांधी उठल्या, घसा आवळू लागला, दम लागला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. शिकायला जाण्याआधी पूर्वी कधी असं झालं असेल तर शिक्षकाला सांगावं, आणि एकट्याने पेटी उघडायची सवय पहिल्या वर्षी लावून घेऊ नये.

वर्ग संपवून परत आल्यावर वसाहत आणायची कुठून? योजनेतून भरलेली पेटी मिळते, पण शक्य असेल तर एक तरी रानची वसाहत जाणत्या माणसाबरोबर पेटीत भरून पाहावी. दसऱ्यानंतरचे दिवस त्याला चांगले. स्वतःच्या जागेतली किंवा मालकाच्या परवानगीने ढोली निवडावी. वनखात्याच्या हद्दीत विचारल्याशिवाय हात घालू नये. दुपार टळल्यावर काम सुरू करायचं. हलका धूर देऊन तोंड रुंद करायचं आणि एकेक पोळं देठापाशी कापून घ्यायचं. मधाचा भाग वेगळा काढायचा, पिल्लांचा भाग चौकटीच्या मापाने कापून केळीच्या सोपाने चौकटीत बांधायचा. रानात वर होतं ते वरच राहिलं पाहिजे, कारण घरं किंचित वर कललेली असतात आणि पोळं उलटं बांधलं तर माश्या ते धरत नाहीत. राणी दिसली की तिला छोट्या पिंजऱ्यात घालून पेटीत ठेवायचं. ती पेटीत गेली की बाकीच्या आपोआप चालत आत जाऊ लागतात, दारात उभ्या राहून पंख हलवतात आणि वासाने बाहेरच्यांना बोलावतात. अंधार पडेपर्यंत पेटी तिथेच ठेवायची, म्हणजे चरायला गेलेल्याही परततात. मग दार बंद करून नव्या जागी न्यायची. ती जागा निदान दोन-तीन किलोमीटर लांब असावी, नाहीतर माश्या दुसऱ्या दिवशी जुन्या ढोलीकडेच फिरतात. आठवड्याभरात त्यांनी पोळं चौकटीला मेणाने जोडलेलं असतं आणि सोप कुरतडून बाहेर टाकलेला असतो. तेवढं दिसलं की वसाहत स्थिरावली.

या कामात कातकरी आणि ठाकर वाड्यांवरची माणसं आपल्या फार पुढे आहेत. पाणवठ्यावर बसलेल्या माशीचा परतीचा रोख धरून ढोली शोधणारी नजर कुठल्या अभ्यासक्रमात मिळत नाही. मध हे गौण वनोपज आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ते गोळा करण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आहे. पिल्लांचं पोळं न तोडता फक्त मधाचा भाग कापून घेतला, तर तीच वसाहत पुन्हा मध देते. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने आग्या मोहोळाच्या बाबतीत ही अहिंसक पद्धत आदिवासी मधसंग्राहकांना शिकवली आहे. आपल्या भागात प्रशिक्षणं आखणाऱ्यांनी या माणसांना फक्त लाभार्थ्यांच्या यादीत न बसवता शिक्षक म्हणून मानधनावर बोलवावं. ढोली शोधणं आणि वसाहत उतरवणं हे दोन दिवस त्यांचे असावेत.

आता वर्षाचा फेरा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात वरकस माळांवर खुरासणी, ज्याला कुणी कारळा म्हणतं, पिवळी फुलते. पराग आणि मकरंद दोन्ही मिळतात आणि खंगलेली वसाहत भराभर वाढू लागते. भाताची कापणी झाली की ओलीवर वाल पेरतात, आणि डिसेंबर-जानेवारीत वालाची फुलं येतात. त्याच सुमारास आंब्याचा मोहर सुरू होतो. पेज नदीत भिवपुरी वीजकेंद्राचं पाणी येतं आणि राजनाल्याच्या कालव्याने ते कर्जतच्या पूर्व भागात फिरतं, त्यामुळे तिथे उन्हाळ्यातही हिरवं शिवार असतं. पेटी ठेवायची जागा ठरवताना हा फरक लक्षात घ्यावा, कारण माशीला रोज जवळ पाणीही लागतं. फेब्रुवारी-मार्चात सावर, पळस, पांगारा, मग जांभूळ, त्यानंतर करंज आणि हिरडा. मधाची मोठी आवक जांभळापासून हिरड्यापर्यंत. ज्या वर्षी कारवी फुलते, म्हणजे सात वर्षांतून एकदा, त्या वर्षी पावसाच्या अखेरीला डोंगरउतारांवर अचानक मेजवानी असते. पण तिच्या भरवशावर नियोजन करता येत नाही.

मध काढणं सोपं. मधाच्या कोठीतल्या चौकटीची दोन तृतीयांशाहून जास्त घरं मेणाने बंद झालेली असली, की तो मध पिकला. चाकूने वरचं मेण उतरवून चौकट मधयंत्रात फिरवायची. पोळं शाबूत परत मिळतं आणि माश्यांचे कष्ट वाचतात. बंद न झालेल्या घरांतला मध पातळ असतो आणि आंबतो. पिल्लांच्या कोठीतल्या मधाला हात लावायचा नाही.

थांबायचं कधी, हे मात्र शिकावं लागतं. स्लोव्हेनियातला अंतोन यान्शा १७७० साली व्हिएन्नात मधमाशीपालनाचा शिक्षक नेमला गेला, आणि त्याच्या स्मरणार्थ २० मे हा जागतिक मधमाशी दिन २०१८ पासून पाळला जातो. युरोपात तेव्हा वसंताचा बहर असतो. कर्जतमध्ये २० मे ही मधयंत्र धुऊन ठेवण्याची तारीख मानावी. त्यानंतर जो मध येईल तो माश्यांचा. मे महिन्याच्या अखेरीला शेवटची दोन-तीन किलोंची हाव धरली, की जुलैमध्ये तितकीच साखर घालूनही वसाहत वाचत नाही.

जून लागण्याआधी पेटीखालची घोडी पक्की करायची, तिचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, म्हणजे मुंगळे चढत नाहीत. वाटीतलं पाणी आटलं की एका रात्रीत पेटी जाते. पेटी दाराकडे किंचित कलती ठेवायची, छपरावर पत्रा किंवा जाड प्लास्टिक घालायचं, दार अरुंद करायचं. खाचराच्या बांधावर, पाणी साचतं तिथे पेटी नको. मधाची कोठी काढून घ्यायची. माश्यांनी न झाकलेली पोळीही काढायची आणि उरलेल्या जागेत आडवी फळी घालून घर लहान करायचं. सातेरीला मोठं, रिकामं घर पावसाळ्यात गरम ठेवता येत नाही, आणि उघड्या पडलेल्या पोळ्यांवर मेणकिडा जाळी विणतो. दोन अशक्त वसाहती असतील तर मध्ये बारीक भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घालून त्या एक करायच्या. कागद कुरतडेपर्यंत दोघींचा वास मिसळतो आणि भांडण होत नाही. एक सशक्त वसाहत पाऊस काढते, दोन अशक्त दोन्ही मरतात. नवशिक्याला हा निर्णय जड जातो, कारण त्याच्या लेखी पेट्यांची संख्या कमी होते.

मग साखरेचा पाक. साखर आणि पाणी समप्रमाणात, आठवड्याला एका वसाहतीला साधारण २०० ग्रॅम साखर, पेटीच्या आत आणि दिवस मावळल्यावर. दिवसा किंवा बाहेर ठेवलात तर शेजारच्या माश्या लुटायला येतात. गूळ नको, त्याने त्यांना हगवण लागते. बाजारातला मधही नको, त्यातून रोग येतात. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या. पिशवीसारखी फुगलेली, डोकं वर करून मेलेली पिल्लं दिसली तर ती पेटी वेगळी करून लगेच प्रशिक्षकाला कळवावं.

पावसात चौकटी काढून तपासायच्या नाहीत, पण पेटी बाहेरून रोज पाहायची. उघडीप पडल्यावर माश्यांच्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या दिसतात का? दिसत असतील तर आत पिल्लं आहेत आणि राणी चालू आहे. मांडवावरची काकडी, दोडकी, पडवळ आणि मका या दिवसांत थोडा पराग देतात, पुढे निसवलेलं भातही देतं. माश्यांची ये-जा मंदावली, पराग बंद झाला आणि पिल्लं संपली, की सातेरी घर सोडायच्या तयारीला लागते. मग एखाद्या लख्ख उन्हाच्या सकाळी सगळी वसाहत उठून जाते. दाराला राणीची जाळी लावून तिला कोंडता येतं, पण भुकेवर तो इलाज नाही. आठवड्याला तळपाटावरचा कचरा झाडून काढणं आणि पाक वेळेवर देणं, एवढ्याने बहुतेक पेट्या राहतात. ऑगस्टनंतर गांधीलमाश्या दारावर घिरट्या घालू लागतात. सातेरी त्यांना ओळखून आहे. शेकडो जणी मिळून एकीला घेरतात आणि अंगाच्या हालचालीने गोळ्याच्या आत ४६ अंशांच्या आसपास उष्णता करून तिला मारतात. तरीही जवळचं गांधीलमाश्यांचं घर रात्री काढून टाकलेलं बरं.

शेजाऱ्यांशी बोलणं हा अभ्यासक्रमात नसलेला धडा. भात फुलोऱ्यात असताना सकाळी फवारणी झाली, तर पराग गोळा करणाऱ्या माश्या शेतातच मरतात. फवारणी संध्याकाळी करावी, आदल्या दिवशी सांगावं, म्हणजे दार बंद ठेवता येतं. भाजी पिकवणाऱ्याला याचा स्वतःचा फायदा दाखवून द्यावा. काकडी, दोडका, कारलं यांत नर आणि मादी फुलं वेगळी असतात आणि माशीने पराग नेल्याशिवाय फळ धरत नाही. वाकडी, अर्धवट भरलेली काकडी हे बरेचदा अपुऱ्या परागीभवनाचं लक्षण असतं. माझ्या मते या तालुक्यांत पेटीचा पहिला लाभ हाच आहे आणि मध दुसरा. फार्महाऊसवाल्या मुंबईकरांनीही हे ध्यानात घ्यावं. शनिवार-रविवार येऊन पेटी सांभाळता येते, पण जुलैत वाट्यांत पाणी आणि ताटलीत पाक घालणारा माणूस गावातच असावा लागतो, आणि तोही शिकलेला हवा. एका पेटीमागे दोघांनी प्रशिक्षण घ्यावं.

शक्य तर पहिल्या वर्षी दोनच पेट्या ठेवाव्यात. एक अडचणीत आली तर दुसरीतून पिल्लांची चौकट देता येते, आणि दोघींची तुलना करता आल्याने काय बिघडलं ते कळतं. प्रत्येक तपासणीनंतर वहीत तारीख, अंडी दिसली का, पिल्लांच्या किती चौकटी, आसपास काय फुललं आहे एवढं लिहावं. पुण्या-महाबळेश्वरचं फुलांचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. खालापूरच्या चौक-वावोशी पट्ट्यातलं आणि कर्जतच्या कशेळे-खांडसकडचंही थोडं वेगळं असतं.

पावसाळा पार केलेली पेटी खुरासणीवर भरून आली आणि तिच्यात सहा-सात चौकटी माश्यांनी झाकल्या, की विभाजन करता येतं. नर माश्या उडू लागल्या आहेत याची आधी खात्री करावी, नाहीतर नव्या राणीचं मीलन होत नाही. निम्म्या चौकटी, त्यांत निदान एका चौकटीवर ताजी अंडी किंवा राणीचं तयार घर, मध आणि पराग, असं सगळं नव्या पेटीत न्यावं. जुनी राणी कोणत्या पेटीत आहे ते पक्कं पाहून वहीत लिहावं. मग राणी नसलेल्या पेटीला तीन-चार आठवडे हात लावू नये. त्यानंतर उघडून उभी अंडी दिसली, तर ती तुमची दुसरी वसाहत, आणि दहा दिवसांच्या वर्गाला जाऊ इच्छिणाऱ्या शेजाऱ्याला प्रात्यक्षिकासाठी दाखवायला पहिली पेटी मोकळी झाली.